तिसऱ्या पाळीचा माणूस

१

रामनाथ तिसऱ्या पाळीवरून घरी आला की सुलूच्या घरात सकाळीच रात्र व्हायची.

बोईसरला एमआयडीसीत, कापड रंगवणाऱ्या एका कंपनीत तो बॉयलरवर होता. स्कूटर फाटकातून आत आली की आधी आंघोळ, मग तांदळाची भाकरी आणि चहा, आणि मग आतली खोली. तिच्या खिडकीला सुलूने निळी ताडपत्री ठोकून घेतली होती. दार ओढलं की भर उन्हातही त्या खोलीत पलंगाची कड चाचपून शोधावी लागे.

मग सगळं घर दबक्या पावलांनी चालायचं. कुकर शिट्टी मारतो म्हणून भात टोपात शिजायचा. मागच्या वाडीत मोगरा खुडायला येणारी नवसी हातवाऱ्यांनी बोलायची. नवापूरहून येणारी मासळीवाली एरवी सगळी आळी डोक्यावर घेई, पण या फाटकाशी आली की कानात मंत्र द्यावा तसं "बोंबील" एवढंच पुटपुटे. शैलेश लहान असताना त्याचे मित्र अंगणात बॅट घेऊन जमले की सुलू ओठांवर बोट ठेवून बाहेर येई. "हळू रे पोरांनो. तिसऱ्या पाळीचा माणूस झोपलाय."

आणि इतक्या जपून राखलेल्या शांततेत तो माणूस स्वतः मात्र असा घोरायचा, की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. "बॉयलर घरी घेऊन आलाय माझा लेक," असं सासूबाई म्हणत आणि पदर तोंडाला लावून हसत.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं सुलूला तो आवाज नकोसा होई. मग सवय झाली. पुढे पुढे तर तो ऐकू येतोय हेही तिला कळेनासं झालं. समुद्राकाठी राहणाऱ्याला गाज कुठे वेगळी ऐकू येते?

ती ऐकायची ते आवाज थांबला की. घोरणं चढत चढत वर जाई आणि रहाटाचा दोर तुटावा तसं एकदम खाली शांत होई. सुलूचे हात जिथल्या तिथे राहत. विळीवर अर्धा चिरलेला कांदा तसाच. तिचाही श्वास थांबलेला. बहुतेक वेळा तो आपणहून, बुडी मारलेला माणूस वर यावा तसा धापकन श्वास घेई. नाहीच घेतला, तर ती उठून आत जाई.

झोपलेल्या माणसाला छातीला हात लावून उठवायचं नाही, हाक मारायची नाही, तो दचकतो. पायाचा अंगठा ओढायचा. ही सासूबाईंची शिकवण, आणि त्या घरात सगळ्यांना असंच उठवत. अंधारात पांघरुणाबाहेर राहिलेला डावा अंगठा सुलूच्या हाताला बरोबर लागे. फार पूर्वी कंपनीत पिंपाचं झाकण पडून त्याचं नख मधोमध दुभंगलं होतं. दोनदा हलकेच ओढायचं, मग धरून ठेवायचं.

"जागा हाय गं, जागा हाय," तो झोपेतच म्हणे, आणि भाता पुन्हा सुरू होई.

२

डॉक्टरचं खूळ शैलेशने काढलं. तो कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत नोकरीला, पालघरमध्ये त्याचा फ्लॅट. दिवाळीत बायकोला, चारुताला, घेऊन आला, तेव्हा दुपारी त्याने दाराबाहेर उभं राहून बापाचं घोरणं मोबाईलमध्ये भरून घेतलं. संध्याकाळी चहा घेताना सगळ्यांसमोर लावलं. घरघर, घरघर, आणि मग काहीच नाही. ते काहीच नसणं इतकं लांबलं की चारुताने कप खाली ठेवला.

"बाबा, हे ऐकलंत? इथे तुमचा श्वास बंद आहे."

रामनाथने भुवया उंचावल्या. "हा मी नाय. ही तुझी आई."

सगळे हसले. पण शैलेशने पिच्छा सोडला नाही. बोईसरला तपासणी झाली. अंगाला तारा लावून झोपवलं, कागद निघाले. डॉक्टर म्हणाले, झोपेत यांचा गळा मिटतो, श्वास अडतो, हृदयावर ताण येतो, श्वासाचं मशीन लावावं लागेल. मग सुलूकडे वळून त्यांनी विचारलं, "श्वास थांबला की तुम्ही काय करता?"

"अंगठा ओढते."

"रोज?"

"झोपतात तेव्हा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आजवर यांचं मशीन तुम्हीच होतात."

खरं मशीन आलं. डब्याएवढं, त्याला नळी, नळीला मास्क. हवेच्या दाबाने गळा उघडा राहणार. रामनाथने ते उलटंपालटं करून पाहिलं. "कंपनीत तोंडाला मास्क, घरी आलो तरी मास्क. बायकोनं माझं तोंड बघायचं कधी?"

"बघून बघून पाठ झालंय," सुलू म्हणाली. "लावा गुपचूप."

अडचण एकच होती. गावात दुपारची वीज जायची, आणि इन्व्हर्टरची वायर फक्त ओटीवर आणलेली होती. तेव्हा पुढच्या ओटीवर खाट टाकली, भिंतीच्या बटणाला मशीन लावलं, आणि इतक्या वर्षांची आतली खोली सोडून रामनाथ बाहेर झोपायला लागला.

आणि झोपला म्हणजे काय झोपला! आवाज म्हणून नाही. फक्त नळीतून हवेचा बारीक सुस्कारा. दुपारी उठला तर डोळ्यांखालची सूज उतरलेली. "सुलू," तो म्हणाला, "जल्मात पयल्यांदा झोपलो गं." तिसरी पाळी करूनही तो आता उन्हं कलली की वाडीत जाऊन चिकूच्या झाडांना आळी करायचा. मधेच काहीतरी गुणगुणायचा. सुलूने त्याला गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं होतं, तिला आठवेना.

तिला आनंद झाला होता, यात शंका नाही. फक्त एक होतं. घोरत होता तेव्हा तो आहे, हे भिंतीपलीकडूनही कळायचं. आता कळायचं नाही. हातातलं काम टाकून ती ओटीवर जाई, मास्कच्या भोकांपुढे तळहात धरून उभी राही. हवा लागे. पण ती त्याची की मशीनची, हे हाताला कळत नसे.

३

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात सुकट निवडत बसली होती. ताटात सुकट, मांडीवर सूप, बाहेर माडांच्या झावळ्यांची सळसळ. आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. बरं वाटत होतं. बोटं आपोआप चालत होती. मांडणीवर पेले किणकिणत होते. शैलेशला सुकट आवडते, चारुताला वास सहन होत नाही, पाठवावी कशी, असं काहीबाही मनात चाललं होतं.

डबा आणायला ती उठली आणि दारात आली. तिथून ओटी सरळ दिसते.

ओटीवर खाटेवर रामनाथ झोपला होता. उताणा, तोंडावर मास्क, मशीनचा हिरवा दिवा लागलेला.

घोरणं तिच्या पाठीमागून येत होतं.

४

सुलू घाबरट बाई नव्हती. वाणगावला माहेरी सात भावंडांत वाढलेली. साप निघाला तर काठी शोधणारी. तिने पहिल्यांदा स्वतःलाच दरडावलं.

शेजारच्या वाडीतला पंप असेल. तिने मागच्या दाराने जाऊन पाहिलं, पंप बंद होता. ताडपत्री वाऱ्याने फडफडत असेल. बाहेरून जाऊन तिने ताडपत्रीवर हात ठेवला, ती ताणलेली होती, जागची हलत नव्हती. पण तिच्या पलीकडून, हाताच्या तळव्याला, बारीक थरथर जाणवत होती. डहाणूकडे अधूनमधून भूकंपाचे धक्के बसतात, इकडेही भांडी वाजतात. तसंच काहीतरी असेल. पण भूकंप काही श्वास आत घेत नाही आणि बाहेर सोडत नाही.

मग कानच. इतक्या वर्षांचा आवाज कानात मुरलेला, तो असा एकदम कसा जाईल? गिरणीतून निवृत्त झालेल्या तिच्या चुलत्याला मरेपर्यंत मागांची खडखड ऐकू यायची. तसंच हे. या विचाराने तिला पुष्कळ बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी घोरणं ऐकू आलं तेव्हा ती कांदा चिरत राहिली. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या की पाचव्या दिवशी ते थांबलं.

चढत चढत वर गेलं, आणि थांबलं. तिचे हात थांबले. ती वाट पाहत राहिली. धाप आली नाही. कानातला आवाज आहे, तिने मनाला सांगितलं, थांबला तर चांगलंच झालं. पण छातीत तेच जुनं दाटून आलं, आणि ती काय करतेय हे कळायच्या आत तिने खोलीचं दार लोटलं होतं.

आत काळोख. पलंगावर तिने स्वतःच घडी घालून ठेवलेली गोधडी. ती पायथ्याशी गेली, वाकली, आणि जिथे अंगठा असायचा तिथे गोधडीचा कोपरा चिमटीत धरला. दोनदा ओढला. धरून ठेवला.

अंधारात कोणीतरी पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला.

ती बाहेर आली. दार ओढून घेतलं. मोरीत जाऊन खळखळून तोंड धुतलं. मग ओटीवर जाऊन पाहिलं. रामनाथने झोपेतच कूस बदलली होती, आणि त्याचा डावा पाय चादरीबाहेर आला होता.

५

"मशीन झकास हाय," रामनाथ म्हणाला. तो वाडीत माडाच्या बुंध्याशी बसून खुरपं घासत होता. नवसी पलीकडे मोगऱ्याच्या ताटव्यात वाकली होती. त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी होती, दुपारी तो घरी होता. "पण एक गंमत हाय. झोपेत कोनतरी माझा अंगठा ओढतो."

सुलूच्या हातातली परडी कलली. "म्हंजे?"

"म्हंजे काय? तू ओढायचीस तसाच. जागा झालो तर कोन नाय. मशीन लावलंय तरी सवय जात नाय बघ." तो हसला. "का चोरून येऊन ओढतेस तू?"

"मला काय धंदे नायत?"

नवसी उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिने घराकडे पाहिलं, मग रामनाथकडे. नेहमीसारखा आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, तू तं हितं बसलास."

"मंग? कुठं बसू?"

"मंग आत कोन झोपलाय?"

वाऱ्यावर मोगऱ्याचा वास होता. ताडपत्री लावलेल्या खिडकीतून, सावकाश, आवाज येत होता. रामनाथने मान वळवून कान दिला. सुलू त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याने ऐकलं असतं, तर तो सगळा भार तिच्या एकटीच्या कानांवर राहिला नसता.

"काय झोपलाय? पंप चाललाय कुनाचा तरी," तो म्हणाला आणि खुरपं घासू लागला. "नवसे, तुझे कान बघ आधी."

नवसी पुन्हा ताटव्यात वाकली. पण त्यानंतर ती घराच्या त्या बाजूचा मोगरा खुडायला कधी गेली नाही. त्या ओळीतली फुलं झाडावरच पिवळी पडत.

सुलूने मात्र त्या दुपारी एक गोष्ट मनाशी पक्की केली. इकडे ओढलं की तिकडे त्याला कळतं. म्हणजे दोर एकच आहे, फक्त टोकं दोन. मशीनपुढे तळहात धरून तिला जे कळत नव्हतं, ते या खोलीतून कळत होतं. आत चालू आहे तोवर बाहेर चालू आहे. आत थांबलं की ओढायचं. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, पण तिच्या जिवाला त्यामुळे पुन्हा थारा मिळाला. ती पुन्हा पाठ वळवून काम करू लागली.

६

तिसऱ्या पाळीचा आठवडा पुन्हा आला. सकाळी रामनाथ नेहमीसारखा आला, भाकरी खाल्ली. इन्व्हर्टर मधेच पिकपिक करत होता. "बॅटरीतलं पानी उतरलंय," तो म्हणाला. "उठलो की आनतो." मास्क लावण्याआधी तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "तोंड बघून घे," आणि पट्टा डोक्यामागे ओढला. ही आता त्यांची रोजची थट्टा झाली होती.

दुपारी वीज गेली. स्वयंपाकघरातला पंखा मंदावत थांबला. ओटीकडून इन्व्हर्टरची एक लांब किंकाळी आली आणि तीही बंद झाली. सुलू विळीवरून उठली. मशीन बंद पडलं असणार, त्याला उठवायला हवं, असं म्हणत ती दाराकडे निघाली. पुढे ती स्वतःला हे कितीदा तरी सांगणार होती, की ती ओटीकडेच निघाली होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं.

तिची पावलं वळली. त्यांना वळायला सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं आवाज थांबला की ती त्याच दाराकडे गेली होती. आता तर त्या खोलीत ओढलेला अंगठा बाहेर पोचतो, हे तिला ठाऊक होतं.

तिने दार लोटलं. काळोखात पायथ्याशी जाऊन वाकली. हात पुढे केला.

हाताला गोधडी लागली नाही. अंगठा लागला. गरम. मधोमध दुभंगलेल्या नखाची रेघ तिच्या बोटाखाली आली.

तिने दोनदा ओढला. धरून ठेवला.

डोळे अंधाराला किंचित सरावले होते. पावलाची फिकट बाजू दिसत होती, आणि त्यापलीकडे भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या माणसाच्या खांद्याचा उंचवटा. तोंडावर मास्क नव्हता. नळी नव्हती.

बराच वेळ काही झालं नाही. मग तो खांदा वर उचलला गेला. धापकन श्वास आला.

"जागा हाय गं, जागा हाय."

"झोपा," सुलू म्हणाली. तिचा ऊर भरून आला. ती बाहेर आली, हळूच दार ओढून घेतलं, आणि विळीवर येऊन बसली. घोरणं सुरू झालं होतं. मोठं, भरदार, पूर्वी होतं तसं. पेले वाजत होते. उरलेला कांदा तिने चिरून संपवला.

कांदा संपल्यावर तिच्या लक्षात आलं, की ओटीवर फार शांत आहे.

७

डॉक्टर म्हणाले, हृदयच थांबलं. मशीन बंद पडल्याने माणूस जात नाही, मास्कमधून श्वास घेता येतो, त्याचा दोष मनात आणू नका. झोपेतच गेले, कळलंही नसेल. माणसं येत राहिली आणि तेच म्हणत राहिली. पुण्यवान. असं मरण कोणाला येतं? सुलू मान हलवी. चिरलेला कांदा त्या दिवशी तसाच परातीत राहिला होता, तो कोणी टाकला, तिला कधीच कळलं नाही.

दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसांची वर्दळ होती. आतल्या खोलीत बायका झोपत, मुलं लोळत. काही ऐकू आलं नाही. मग सगळे गेले. शैलेशला रजा नव्हती. चारुता मात्र थोडे दिवस सोबतीला राहिली.

एका दुपारी सुलू वाडीतून मागच्या दाराने आत आली. पाय चिखलाने भरलेले, परडीत नवसीने खुडलेला मोगरा. स्वयंपाकघरात चारुता उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, नजर आतल्या खोलीच्या ओढलेल्या दाराकडे.

"आई! तुम्ही... मला वाटलं तुम्ही आत झोपल्या आहात."

सुलूने परडी खाली ठेवली.

"मी म्हटलं, बरं झालं, इतक्या दिवसांनी झोप लागली. काय घोरत होतात! मधेच श्वास अडकल्यासारखं झालं, म्हणून मी पाणी घेऊन..." चारुताने सुलूच्या पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं. "तुम्ही आत होतात ना?"

"होते," सुलू म्हणाली. "आताच मागनं बाहेर गेले. दे तो तांब्या."

त्या खोलीला मागे दार नाही, हे चारुताला ठाऊक होतं. तिने तांब्या दिला. दुसऱ्या दिवशी ती पालघरला निघून गेली आणि तिकडून फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही इकडेच या. एकट्या नका राहू. प्लीज."

८

सुलू एकटी राहत नव्हती. तेच तर कोणाला सांगता येत नव्हतं.

सकाळी घर आवरून झालं की आतून घोरणं सुरू होई. ती भात टोपातच शिजवी. मासळीवालीला ओठांवर बोट ठेवून खूण करी, आणि ती बिचारी दुःखाने डोकं फिरलंय म्हणून डोळे पुसत निघून जाई. आवाज थांबला की सुलू आत जाऊन अंगठा ओढी. ती कधी वर, चेहऱ्याकडे पाहत नसे. पायथ्याशी जाई आणि पायथ्यापासूनच परत येई. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

पण दिवसेंदिवस उत्तर उशिरा येऊ लागलं. ओढलं तरी बराच वेळ काही नाही. मग तो श्वास, आधीच्यापेक्षा खोलातून ओढलेला, आणि "जागा हाय गं." एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायचं त्राण नसल्यासारखं. तो आवाज तिने पूर्वी ऐकला होता. बदली माणूस आला नाही की त्याला सलग दोन पाळ्या कराव्या लागत, आणि घरी येऊन भाकरीचा घास हातातच धरून तो डुलक्या घेई. तिने हलवलं की असाच म्हणे. जागा हाय गं.

मशीन आलं तेव्हाचं त्याचं बोलणं तिला आठवलं. जल्मात पयल्यांदा झोपलो.

शैलेश गाडी घेऊन आला तेव्हा तिने हो म्हटलं. पिशव्या गाडीत ठेवून झाल्या. गॅस बंद केला, देवापुढचा दिवा शांत झाल्यावर निरांजन उपडं ठेवलं. "आलेच," म्हणत ती पुन्हा आत गेली आणि खोलीच्या दारात उभी राहिली.

घोरणं चढत होतं. वर, अजून वर. आणि थांबलं.

सुलूचा श्वास थांबला. हात आपोआप पुढे आले, ते तिने मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. अंधारात पांघरुणाबाहेर काहीतरी फिकट दिसत होतं. एका पावलाचं अंतर. वाकलं की पुरे. फाटकाबाहेर शैलेशने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, हळू रे.

ती तशीच उभी राहिली. छाती फुटेल असं वाटेपर्यंत तिने श्वास धरला, आणि मग तो एकटीनेच घेतला.

पलंगावर काही हललं नाही. मांडणीवर पेले गप्प होते.

तिने दार ओढून घेतलं. कडी लावताना आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून लावली.

गाडीत शैलेश म्हणाला, "किती वेळ आई! काय करत होतीस?"

"काय नाय," सुलू म्हणाली. "तिसऱ्या पाळीचा माणूस होता. झोपू दिला."

९

पालघरच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत, मिक्सर चाले, वरच्या मजल्यावरचं पोर दिवसभर चेंडू आपटे. कोणी कोणाला गप्प करत नसे. सुलूला आधी ते फार लागे. मग तेही अंगवळणी पडलं.

एकदा सकाळी चहा घेताना शैलेश जरा अडखळत म्हणाला, "आई, तू हल्ली घोरतेस."

चारुताने मान वर केली नाही.

"मी दारातून ऐकलं. बाबांसारखंच. मधे थांबतेस. एकदा दाखवून येऊ या का डॉक्टरांना?"

"ही मी नाय," सुलू म्हणाली. "हा तुझा बाप."

ती हसली, पण तिच्यासोबत कोणी हसलं नाही. शैलेशचे डोळे भरून आले आणि तो कप विसळायला उठला.

त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. दोघं कामावर. सुलू पलंगावर आडवी झाली. खिडकीतून ऊन लख्ख आत येत होतं, तिला ताडपत्री लावायचं मनात येऊन गेलं, आणि डोळा लागला.

खोल पाण्यात उतरावं तसं झालं. खाली, अजून खाली. तिथे त्रास नव्हता. आवाजही नव्हता. कसली तरी वाट पाहणं होतं तेही हळूहळू सुटत चाललं होतं, आणि ते सुटतंय याचं तिला बरंच वाटत होतं.

कोणीतरी तिच्या पायाचा अंगठा ओढला.

दोनदा, हलकेच. आणि मग धरून ठेवला.

धापकन श्वास घेऊन सुलू उठून बसली. ऊन तसंच होतं. पलंगाच्या पायथ्याशी कोणी नव्हतं. दार बंद, बाहेरून कुलूप लावल्यासारखी घरभर शांतता. फक्त अंगठ्यावर ऊब होती, आणि ती सावकाश, एकेक बोट सुटावं तशी निघून जात होती.

ती बराच वेळ त्या रिकाम्या पायथ्याकडे पाहत बसली.

"जागी हाय हो," ती शेवटी म्हणाली. "जागी हाय."

मग तिने चादर अंगावर ओढून घेतली, डावा पाय तेवढा बाहेर ठेवला, आणि पुन्हा आडवी झाली.